मांड्यांचा हात

हिलालनं काठी हाणली ती थेट भागाबाईच्या उजव्या खांद्यावर. वाळली पऱ्हाटी मोडावी तसं हाड मोडलं. सख्खा दीर, पण बांध कोरत कोरत तिच्या कपाशीत हातभर आत शिरला होता, आणि ही विधवा बाई आडवी आली म्हणून चवताळला.

"आते मांडा करी दखाव, वहिनी!" थुंकून तो निघून गेला.

पाचोऱ्याच्या डॉक्टरनं हाड बसवलं, पण प्लास्टर निघालं तेव्हा हात कानापर्यंत जाईना. भागाबाईचे मांडे गावात नावाजलेले. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत परातीपेक्षा मोठा करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची. आता डोक्यावर पदरही घेता येईना. आणि हात गेला की बांध गेला, हे तिला पक्कं ठाऊक.

फिजिओवाली पोरगी म्हणाली, "आजी, भिंतीवर बोटं चढवा." भागाबाईनं त्वेषानं दिवसभर चढवली, वर पाण्याची बादलीही उचलली. खांदा वांग्यासारखा सुजला.

पोरगी कडाडली, "हात आहे की वैरी? हलवला की विसावाही द्यायचा. त्यातच जोर भरतो."

"बोलस ते सासूसारखी," भागाबाई पुटपुटली, पण ऐकलं. सकाळी भिंत, दुपारी शेक, मग हात उशीवर. पुढे ओला पंचा हातांवर झेलायचा, मग कणकेचा उंडा. दार लावून. किंकाळी आली की पदराचा बोळा तोंडात. गावात मात्र हात गळ्यातल्या झोळीत. सुनेला, पूनमला, दम भरलेला: "कोठे बोलनी ते जीभ हासडी टाकसू!"

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी हिलाल पुन्हा बांध कोरताना सापडला. ती समोर उभी राहिली. त्यानं काठीनं झोळी ढोसली. "तुना हात हालस का तरी?"

झोळीतून हात निघाला. काठी धरली, हिसकली. हिलाल तोंडावर आपटला, दात ढेकळात. भागाबाईनं काठी कानावरून वर नेली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर उतरवली. तोच आवाज. तो गुरासारखा हंबरला. दुसरी मनगटावर घातली, मग थांबली. खांदा ठणकत होता आणि पुरण अजून शिजायचं होतं.

दुपारी खापरावरून मांडे भराभर उतरले. एकाची घडी करून तिनं पूनमच्या हाती दिली.

"हिलालना घर दी ये. सांगजो, प्लास्टर निंघनं की भिंतवर बोटं चढाव. दुखनं ते इसावा दे."

पूनम उंबऱ्यात पोचली तशी मागून हाक आली, "आनि सांगजो, भिंत सोतानी पाहिजे, मना बांध नही!"