बारीक होण्याचं औषध

सिराजोद्दीनने माझ्या कमरेला टेप लावली तेव्हा मला खिशातल्या पत्राची आठवण झाली. पत्र श्रावणात आलं होतं. आता दसरा जवळ आला होता आणि मी उत्तर दिलेलं नव्हतं. आंतर्देशीयचा निळा कागद घड्यांवर फाटायला आला होता, तरी रोज शर्ट बदलताना मी तो या खिशातून त्या खिशात ठेवत होतो.

“हात वर करा सर,” सिराजोद्दीन म्हणाला. आकडा बघून त्याने टेप पुन्हा लावली. “बिलकुल बराबर हाय. अजून कमी. सर, आता तर बोला. दुकानात कोणी परकं न्हाई.”

परकं कोणी नव्हतं हे खरं. बाकावर ऊसवाला भुजंग पोटावर हात ठेवून बसला होता. पडद्यामागे सिराजोद्दीनची बायको जन्नतबी काजं-बटणं करत होती.

“काय बोलू?” मी म्हणालो. “त्यात काही नाही.”

“झालं! इतके साल तुमची पँट शिवून राह्यलो. आत दोन बोटं कापड जादा सोडायचो, सर अजून फुगले तर उसवून देऊ म्हणून. आता तेच कापड कापून टाकायची पाळी आली. असं आपोआप होतं का?”

“सर वाचनालयात होते ना,” भुजंग म्हणाला. “पुस्तक असंल एखादं. सरांनी मागच्या कपाटात घालून कुलूप लावलं असंल.”

अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत जे वाचनालय आहे, तिथे मी जन्मभर काम केलं. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात निवृत्त झालो. बारीक होण्याची पुस्तकं तिथे होती. एकात भात सोडा म्हटलं होतं, दुसऱ्यात फक्त भात खा म्हटलं होतं, तिसऱ्यात सकाळी उठून श्वास कोंडायला सांगितलं होतं. ती सगळी वाचून माझा गोंधळ वाढला होता, वजन होतं तेवढंच राहिलं होतं.

पडद्यामागून जन्नतबी म्हणाली, “सर कू पूछो ना, लिंबू गरम पानी में की ठंडे में?”

“लिंबू नाही हो, भाभी.”

“मंग शहद?”

“सर, मला फकस्त आठ दिवसाचं सांगा,” भुजंग म्हणाला. “साडूच्या पोरीचा साखरपुडा हाय. फोटो काढणारेत. तेवढ्यापुरतं पोट आत गेलं तरी बास. मंग येऊ द्या भाईर.”

सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणालो, “ते हळूहळू होतं. वर्षं लागतात. झटपट काही नसतं.”

सिराजोद्दीनने टेप गळ्यात टाकली. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. “ठीक हाय सर. नका सांगू. ज्याचं त्याच्यापाशी.”

मला वाईट वाटलं. तो माझा मित्र होता, आणि मी त्याच्यापासून काही लपवतो आहे असं त्याला खरंच वाटलं होतं.

मी बारीक झालो हे खरं. कसा झालो हे मात्र मला आजही नीट सांगता येत नाही. पूर्वी मी बराच लठ्ठ होतो. बाजारच्या दिवशी कारखान्याची जीप आम्हाला वसाहतीतून फाट्यापर्यंत सोडायची. एकदा मी चढलो तेव्हा कोणीतरी म्हणालं, “सर बसले, आता टायर बघा.” त्यात वाईट हेतू नसावा. पुढच्या आठवड्यापासून मी जीपमध्ये बसलो नाही, कालव्याच्या कडेने पायी फाटा गाठू लागलो. उपाहारगृहातही असंच काहीतरी बोललं गेलं, म्हणून तिथे जाणं सोडलं; कारखान्याच्या साखरेचा तो पाकासारखा चहा आपोआप सुटला. लग्नाकार्यात मी पंगतीच्या टोकाला बसायचो आणि माझ्या पानाकडे कोणी बघायच्या आत उठायचो. अशी चार वर्षं गेली. प्रभावती, म्हणजे माझी बायको, म्हणते की तिच्या ज्वारीच्या भाकरीने हे झालं. तसंही असेल. पण मला वाटतं, मला बारीक केलं ते लाजेने. आणि लाज काही औषध म्हणून कोणाला लिहून देता येत नाही.

पत्र होतं बेबीनंदाचं. माझी मोठी बहीण द्वारकाबाई, तिची ही मुलगी, तीर्थपुरीला दिलेली. द्वारकाबाई गेल्यापासून बेबीनंदाला माहेर म्हणून आमचंच घर. तिने लिहिलं होतं:

“मामा, यांना औरंगाबादला कंपनीत लागून आता दोन वर्षं होतील. यांनी तिकडे खोली घेतली आहे. म्हणतात, जरा बारीक हो, मग नेतो, चार लोकांत बरं दिसत नाही. दिवाळीपर्यंत म्हणाले आहेत. तुम्ही कसे बारीक झालात ते मला लवकर लिहा. पण असं लिहा की घरात कोणाला कळणार नाही.”

असं लिहायचं कसं, हे मला उमगत नव्हतं. त्या घरी आलेलं पत्र आधी तिच्या सासूच्या, चतुराबाईंच्या हातात जातं. त्यांना वाचता येत नाही, पण पत्र उघडण्याचा मान त्यांचा. मग पोस्टमन नाहीतर शेजारचं कोणी ते ओसरीवर बसून मोठ्याने वाचतं आणि घरासकट आळी ऐकते. पाकीट असो की आंतर्देशीय, तेच. आणि समजा कोणी वाचलं नसतं, तरी मी लिहिणार काय होतो? चार वर्षं लागतात, असं? दिवाळी तर महिन्यावर आली होती.

म्हणून नवरात्रातल्या गुरुवारी मी एसटीने तीर्थपुरीला गेलो. वाटलं, समोरासमोर सांगता येईल.

चतुराबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. “या पाव्हणे. बसा. लई दिसांनी वाट सापडली,” त्या म्हणाल्या आणि आत बघून ओरडल्या, “बेबे, मामा आलेत गं!”

बेबीनंदा पाण्याचा तांब्या घेऊन आली. थेट आईवर गेलेली, तशीच भरलेल्या अंगाची. पण चेहरा उतरला होता, आणि उंबरा ओलांडताना तिने चौकट धरली.

“चक्कर येते का गं?” मी विचारलं.

“उपास हाय ना मामा.”

“लई उपास धरलेत पोरीनं,” चतुराबाई कौतुकाने म्हणाल्या. “सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादस, आन् आता हे नवरात्र. मी म्हणलं, धर बाई. देव बी पावंल आन् आंग बी उतरंल.”

मग ताटल्या आल्या. साबुदाण्याची खिचडी होती, तुपाने चकाकणारी, दाण्याच्या कुटाने गच्च. बाजूला तळलेले बटाटे आणि गूळ घातलेला रताळ्याचा कीस. बेबीनंदा ते औषध घ्यावं तसं एकेक घास मोजून संपवत होती.

“एवढं खातेस उपासाला?” मी हळूच म्हणालो.

“न्हाई खाल्लं तर मंग संध्याकाळी उभं राहवत न्हाई. एरवी एक भाकर आन् वरण, बास. पण उपासाला आत्याबाई पोटभर करून घालतात.”

मला सगळं एकदम दिसलं. बारीक व्हायला ती अर्धाअधिक आठवडा उपास धरत होती आणि त्या उपासानेच वाढत होती. वर ती चक्कर. हे तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण चतुराबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी ते चुलीपुढे बसून, मायेने केलेलं होतं. आणि उपास देवाचा. देवाच्या उपासात खोट काढणारा मी कोण?

“घ्या ना पाव्हणे, लाजू नका,” त्या म्हणाल्या.

मी घेतली. नंतर दुसऱ्यांदाही मागून घेतली. खिचडी फार चांगली झाली होती. यानेच मी जास्त गोंधळलो.

“दिवाळीला येणार हाय काकासाहेब,” चतुराबाई लेकाबद्दल म्हणाल्या. “बघू काय म्हणतो. आपण काय, पोराच्या मनावर.”

निघालो तेव्हा बेबीनंदा लेकीचा हात धरून रस्त्यापर्यंत आली. एसटी लांबून येताना दिसत होती.

“मामा, पत्र भेटलं का?”

“भेटलं.”

“मंग?”

“लिहितो.”

“आता सांगा की. इथं कोणी न्हाई. काय घेता तुम्ही? गोळ्या का? कडू असलं तरी घेईन मी.”

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “खोली कशी आहे काकासाहेबांची?”

“मला काय ठाव? मी बघितली कुठं.” तिने लेकीच्या केसांतला कचरा काढला. “मागच्या साली म्हणले, पोरगी चालायला लागली की नेतो. ही तर आता पळती.”

एसटी थांबली. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती हात हलवत होती आणि तिची मुलगी धुरळ्यात एसटीमागे पळत होती.

वाटभर माझ्या डोक्यात ‘पोरगी चालायला लागली की नेतो’ हे एकच वाक्य फिरत राहिलं. आतापर्यंत मला वाटत होतं की अडचण औषधाची आहे. आता वाटू लागलं, औषध असतं आणि लागू पडलं असतं, तरी काकासाहेबांनी तिसरं काहीतरी काढलं असतं. पण हे माझं वाटणं. चुकीचंही असेल. जावयाबद्दल असं मनात आणणं बरं का? आणि औषध नाही असं लिहिलं तर तिच्या हातात काय उरेल? निदान खिचडी खाताना तिला आशा तरी होती.

घरी आल्यावर मी प्रभावतीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“लिंबाचं लिहून टाका,” ती आधी म्हणाली. “तेवढंच पोरीला बरं वाटंल.”

“ते खोटं आहे.”

“मंग खरं लिहा.”

“खरं काय तेच कळत नाही.”

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. “तुम्हाला औषध विचारलं म्हणून तुम्ही औषधाचाच विचार करून राह्यले. मी लगीन होऊन आले तेव्हा तुम्ही केवढे होते? अंतरपाट धरणाऱ्याला तुमची दुसरी बाजू दिसत नव्हती. मी म्हणलं का, आधी उतरा, मंग नांदायला येते?”

ती इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसलो. सवयीने आंतर्देशीय घेतलं होतं, ते बाजूला ठेवलं. मी आयुष्यात साधं खुशालीचं पत्रसुद्धा उघडं पाठवलेलं नाही. आपलं अक्षर, आपले शब्द वाटेत कोणी वाचतो आहे या विचारानेच मला कसंतरी होतं. पण ते पत्र ओसरीवर मोठ्याने वाचलं जाणारच होतं. मग ऐकणाऱ्यांनाही ऐकू जाईल असंच लिहावं, असं वाटलं. मी पोस्टकार्ड घेतलं. ‘तुझं पत्र मिळालं’ हे पहिलं वाक्य तेवढं गाळलं.

“चि. सौ. बेबीनंदास अनेक आशीर्वाद. काल येऊन गेलो. तुझे उपास पाहिले. मला लोक बारीक होण्याचं औषध विचारतात. तसं औषध नाही. मला चार वर्षं लागली आणि ती कशी लागली हे मलाही नीट ठाऊक नाही. उपासाच्या खाण्याने अंग उतरत नाही, वाढतं, असं मला वाटतं. उपास सोड. दोष लागला तर तो मामाला लागू दे. रोज भाकरी पोटभर खा आणि संध्याकाळी लेकीला घेऊन चालत जा. विहीणबाईंना नमस्कार. त्यांच्या खिचडीला मी नावं ठेवत नाही, मी ती दोनदा घेतली. काकासाहेबांना त्यांनीच सांगावं, की बेबीनंदाला आहे तशी न्यावी. दिवाळीला त्यांनी नेलं नाही, तर भाऊबिजेनंतर मी येईन आणि तुला व मुलीला खोली दाखवायला औरंगाबादला स्वतः सोबत घेऊन जाईन. तुझा मामा.”

जागा पुरली नाही. शेवटच्या दोन ओळी कडेने उभ्या लिहाव्या लागल्या.

पोस्टात पुंजाराम पेटीतली पत्रं टेबलावर ओतून शिक्के मारत होता. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. पोस्टकार्ड हातात आलं की वाचायचं, ही त्याची सवय साऱ्या वसाहतीला ठाऊक होती. तो ओठ हलवत वाचू लागला. कडेच्या ओळींसाठी त्याने कार्ड आडवं केलं. माझे कान तापले.

वाचून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. “सर, हे उघडं जाईल.”

“हो.”

“पाकीट देऊ का?”

“नको.”

“तीर्थपुरीचा पोस्टमन वाचंल. समदं गाव वाचंल.”

“पत्ता नीट वाचता येतोय ना, तेवढं बघा,” मी म्हणालो.

त्याने पत्ता बघितला, मान हलवली. पहिला शिक्का फिका उठला म्हणून शाई लावून दुसरा मारला. मग कार्ड इतर पत्रांच्या गठ्ठ्यावर, लिहिलेली बाजू वर करून ठेवलं.

मी तिथेच उभा होतो. मागून कोणीतरी म्हणालं, “सरका ना सर.”

मी सरकलो.