उलटी चाकी

आमच्या दादाला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे जे झालं त्यात त्याचा वाटा किती आणि माझा किती, ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

परसात पत्र्याची शेड आहे. तिच्यात बाबांचा बागेत चालवायचा छोटा ट्रॅक्टर. वयाने माझ्याहून मोठा. एक सिलिंडर, लोखंडी सीट, दोरी ओढून चालू करायचा. बाबा माळी होते, मोठमोठ्या बागांमधलं गवत त्यांनी यावर बसून कापलं. त्यांचे गुडघे गेले तेव्हापासून, म्हणजे चौदा वर्षं, त्याचं इंजिन मी सांभाळते. दिवसभर वर्कशॉपमध्ये पंपाच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरायच्या आणि घरी येऊन याची उस्तवार करायची. ऑइल काळं पडलं की बदलायचं, प्लग तारेच्या ब्रशने घासायचा, दर पंधरवड्याला थोडा वेळ चालवायचं. आणि बंद करताना पेट्रोलचा कॉक मिटून इंजिनाला आतलं उरलेलं पिऊ द्यायचं, आपलं आपण थांबेपर्यंत. नाहीतर कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. ही बाबांची शिस्त.

पण शेडमध्ये कोणी डोकावलं की बाबा सांगायचे, "थोरल्याने ठेवलाय हो असा. त्याचा हात आहे इंजिनावर." थोरला तेव्हा दुसऱ्या शहरात ऑफिसची खुर्ची उबवत बसलेला, आणि मी तिथेच, कोपरापर्यंत काळी. एकदा न राहवून म्हटलं, "बाबा, मी इथे आहे." तर म्हणाले, "तू आहेसच गं." झालं. विषय संपला.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, शब्दही गेले. दिवसाकाठी पाच-सहा उरले, तेही ओढूनताणून. मी धीर करून विचारलं, "बाबा, ट्रॅक्टर मला देता?" मला त्यातून काही मिळवायचं नव्हतं. एवढंच हवं होतं, की हे काम हिचं आहे असं त्यांनी एकदा, मेलं एकदाच, तोंडाने म्हणावं. बाबांनी बराच वेळ ओठ जुळवले.

"थोरल्याला," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी दादा ट्रॅक्टर न्यायला गाडीला ट्रॉली जोडून आला. मी बाबांना खुर्चीसकट शेडच्या दाराशी आणून बसवलं. दादाने बाह्या सरसावल्या.

"तुमच्यासमोर चालू करतो बाबा, मगच नेतो."

दोरी ओढली. ढिम्म. पुन्हा ओढली. पंधरा वेळा तरी ओढली असेल. घामाघूम झाला. टाकीत डोकावला, तर पेट्रोल काठोकाठ.

"तू सांभाळतेस म्हणे ना? काय वाट लावलीस याची!"

कॉक बंद होता, दुसरं काय! एका बोटाने उघडतो तो. त्याने नीट विचारलं असतं, तर सांगितलं असतं हो मी, देवाशपथ. पण त्या वाक्यानंतर माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

"करंट येत नाहीये," दादाने निदान केलं. "हे चाक काढून आतले ठिणगीचे पॉइंट बघायला लागतील."

दोरी गुंडाळतात त्या जड चाकाच्या मधोमध एक जाडजूड नट आहे. नटाला बाबा चाकी म्हणतात. या चाकीचे आटे उलटे आहेत. जगातले नट डावीकडे फिरवले की सुटतात, ही उजवीकडे फिरवावी लागते. मी बारा वर्षांची असताना बाबांनी माझ्या हातात पाना दिला होता आणि हसून म्हणाले होते, "ही तुझ्यासारखीच, उलट्या खोपडीची." माझं कौतुक त्यांनी केलं ते तेवढंच. ते मी इतकं जपून ठेवलंय, की सांगायलाही लाज वाटते.

दादाने चाकात लाकडाचा ठोकळा अडकवला, चाकीला पाना लावला आणि डावीकडे जोर दिला. हलेना. "गंजलीय," म्हणत त्याने पान्याला हातभर पाइप जोडला.

बाबा खुर्चीत ताठ झाले. डावा हात वर गेला, चेहरा लालबुंद झाला, हनुवटीवर लाळ आली.

"उ... उल... उलटी! उलटी!"

दादा दचकला. "अरे देवा, बाबांना उलटी होतेय! बघत काय उभी राहिलीस? घमेलं आण, तोवर मी एवढी चाकी सोडवतो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. कसली उलटी, हे कळणारी तिथे मी एकटीच होते, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक शब्द बोलायचा होता मला. तोही त्यांनी काढून दिलेला.

"आणते," मी म्हणाले.

घमेलं नळापाशी होतं. स्वच्छच होतं. तरी मी ते विसळलं, सावकाश विसळलं. परत वळले आणि कडाडकन आवाज आला.

चाक ज्यावर बसतं त्या क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, टोक चाकीसकट तुटून खाली पडलं होतं. दादा पाइप हातात धरून तोंड वासून उभा.

"हे कुठे मिळेल गं?"

"कुठेच नाही. बनवणारा कारखाना कधीच बंद पडला."

"तू वेळच्या वेळी तेल घातलं असतंस तर गंजली नसती," असं मलाच सुनावून तो रिकामी ट्रॉली घेऊन निघून गेला. मीही उलट बोलले नाही. त्या दिवशी मला कसलंच काही बोलायचा हक्क उरला नव्हता.

मी घमेलं बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी त्यात बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होते. ओठ हलायला लागले, तशी मी वाकले.

"तुला," ते म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मग, "येत होतं."

मी पदराने त्यांची हनुवटी पुसली. मग ट्रॅक्टरजवळ गेले आणि सवयीने कॉकला हात लावून बघितला. बंद होता.