मध्यंतराच्या आधीचं

भट्टीमास्तरांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत, आणि त्यात त्यांची स्वतःची काहीच कर्तबगारी नव्हती. नवरा बिस्किटांच्या कारखान्यात भट्टी सांभाळायचा म्हणून तो भट्टीमास्तर, आणि त्याच्याशी लग्न केलं म्हणून या मास्तरीणबाई. शिकवण्याशी त्यांचा संबंध एवढाच, की लहानपणी धाकट्या भावाला त्यांनी परातीच्या पाठीवर कोळशानं अक्षरं काढून दिली होती.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जाऊन बसतात आणि गुडघ्यांविषयी बोलतात. मास्तरांना मात्र भट्ट्या बनवणाऱ्या कंपनीनं बोलावून घेतलं. गावोगाव नवे कारखाने निघत होते. तिथं भट्टी बसवली की ती पेटवायची, जाळीचा पट्टा नीट चालतोय ना ते बघायचं, आणि दोन्ही बाजूंनी सारखं भाजलेलं बिस्किट बाहेर पडेपर्यंत मुक्काम करायचा. कुठं महिना, कुठं दोन. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं या दोघांचं दोन बॅगांत. बाई बरोबर जायच्या, कारण मास्तरांना भट्टीपुढे सगळं जमत असलं तरी गॅसपुढे काही जमत नसे.

प्रत्येक भाड्याच्या खोलीत भिंतीला टीव्ही असायचा आणि प्रत्येक टीव्हीचं घोडं केबलपाशी अडायचं. घरमालक सांगायचा, "केबलवाला उद्या येतो." केबलवाल्याचा उद्या म्हणजे काय, ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. तो डबा घेऊन जिना चढायचा, तेव्हा हे दोघं बॅगा घेऊन जिना उतरत असायचे. शेवटी लेकीनं वैतागून घरचं केबल बंद केलं आणि आईबापांना बोटाएवढी एक कांडी आणून दिली. कुठल्याही टीव्हीच्या मागं खुपसायची, नेट जोडायचं, की हवा तो सिनेमा हजर.

मास्तरांनी ती निव्वळ लेकीच्या समाधानासाठी घेतली. बाईंना मात्र तिचं वेडच लागलं. दोन माणसांचं काम ते किती असणार? दुपारी ताटं विसळून झाली की त्या पाय पसरून बसायच्या आणि सिनेमा लावायच्या. मध्येच दोरीवरचे कपडे आठवले, तर पडद्यावरच्या बंदूकवाल्याला बंदूक रोखलेलीच ठेवून कपडे काढून आणायच्या. आणि सगळ्यात नवल म्हणजे, गाव बदललं, खोली बदलली, खिडकीतून दिसणारा रस्ता बदलला, तरी कांडी खुपसली की सिनेमा जिथं सोडला तिथंच वाट बघत उभा. आपली अशी वाट आजवर कुणी पाहिली नाही, असं बाईंना वाटायचं. या वयात त्या इतक्या सुखात होत्या, की कधी कधी त्यांना स्वतःचीच दृष्ट लागेल असं भय वाटे.

भय दुसरंही होतं, आणि त्याचं मूळ जुनं होतं.

कारखान्यात असताना मास्तरांची पहिली पाळी असायची. भल्या पहाटे निघायचे आणि दुपार कलताना परत यायचे. केबलवर दुपारचा सिनेमा तेव्हा अर्ध्यावर आलेला असायचा. मास्तर हातपाय धुऊन ताटावर बसत आणि विचारत, "हं, काय काय झालं आतापर्यंत?" बाई वाढता वाढता अर्धा सिनेमा सांगत आणि उरलेला अर्धा दोघं मिळून बघत. मास्तरांच्या दिवसातली हीच काय ती मौज. आता यातली गोम अशी, की बाईंनी तो पहिला अर्धा भाग कधी पाहिलेलाच नसे. त्या झोपलेल्या असत.

पहाटेपासून डबा, सासू, लेक, पाणी, धुणं. दुपारी टीव्ही लावून भिंतीला पाठ टेकली की डोळा लागायचाच. गल्लीच्या तोंडाशी मास्तरांच्या स्कूटरचा आवाज आला की खडबडून उठायच्या. पहिल्यांदा मास्तरांनी विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा भट्टीच्या झळेनं लाल झालेला होता, सदरा पाठीला चिकटला होता. अशा माणसाला "मी झोपले होते" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यातून सासूबाई पलीकडच्या खोलीत, आणि सुनेला 'झोपाळू' ही पदवी त्यांनी आधीच बहाल केलेली. बाईंनी डोळे चोळत पडद्याकडे पाहिलं, कोण रडतंय, कोण कुणाला घराबाहेर काढतंय, एवढं टिपलं आणि मागचं सगळं रचून सांगितलं. वेळ मारून नेली. पण थाप पचली की तिची चटक लागते, आणि ऐकणाऱ्यालाही लागते. मग ते वर्षानुवर्षं चाललं. एखादा सिनेमा पुन्हा लागला, तर "पाहिलाय की तो" म्हणून बाई लगबगीनं चॅनल बदलून टाकायच्या.

एका नव्या गावी भट्टीचा एक बर्नर येताना फुटला आणि दुसरा येईपर्यंत मास्तर खोलीवर बसून राहिले. रिकामा माणूस काय करणार? पहिल्या दिवशी त्यांनी नळ दुरुस्त केला, दुसऱ्या दिवशी तोच नळ पुन्हा दुरुस्त केला, आणि तिसऱ्या दिवशी रिमोट हातात घेतला.

"अगं, तुझ्या या कांडीत जुने सिनेमे असतात का?"

"छे हो, सगळे नवे. तुम्हाला नाही आवडायचे," बाई घाईनं म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं.

"तो टपालवाल्याचा बघायचाय. शेवटी जहाजात चढत नाही, तो. तू सुरुवात सांगितली होतीस ना, त्याची बहीण त्याला परातीवर कोळशानं अक्षरं शिकवते... काय सांगितलं होतंस! मला घास गिळवेना. एकदा तरी ते डोळ्यांनी बघायचंय."

बाईंनी कणकेची परात पुढ्यात ओढली. "नेट चालत नाहीये सकाळपासून," त्या म्हणाल्या. तेवढ्यात नेट चाललं. चालू नये तेव्हा ते हमखास चालतं. टपालवाल्याचा सिनेमा चित्रासकट समोर आला. बाई कणीक घेऊन ओट्याकडे वळल्या आणि पाठमोऱ्याच मळत राहिल्या.

सिनेमा सुरू झाला तो सायकलींच्या शर्यतीनं. मग मारामारी, मग एक गाणं, मग टपालवाला आणि सावकाराची मुलगी. बहीण काही येईना. मास्तरांनी थोडं पुढं नेलं, थोडं मागं आणलं. मग जहाज आलं, टपालवाला चढला नाही, आणि सिनेमा संपला.

"कापलाय," मास्तर म्हणाले.

बाईंनी कणकेला आणखी पाणी लावलं.

"बहीण कापलीय सगळी! तिच्याशिवाय तो जहाजात का चढत नाही याला काही अर्थ आहे का? त्या सावकाराच्या पोरीसाठी कोण राहील?" मग त्यांनी आठवून आठवून आणखी दोन जुने सिनेमे काढले. एकातला आंधळा घड्याळजी गायब, दुसऱ्यातलं पुरात वाहून गेलेलं दुकान गायब. मास्तर संतापानं उभे राहिले. बिस्किटाची कड जरा करपली, तर अख्खी रास बाजूला काढायला लावणारा माणूस तो. त्याला कापलेला माल कसा चालावा?

त्यांनी थेट कांडीवाल्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं शोधून सांगितलं, "सर, सिनेमा पूर्ण आहे. आमच्याकडे असाच आलाय."

"असा कसा? माझ्या बायकोनं स्वतः पाहिलाय!"

"मॅडमना दुसरा एखादा सिनेमा आठवत असेल, सर."

"माझी बायको असली चूक करत नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. कणकेचा गोळा एव्हाना इतका मळून झाला होता, की त्याचं काही होण्यासारखं उरलं नव्हतं.

मग लेकीला फोन. "हे कांडीचं बंद करून टाक. फसवतात हे लोक. घरचं केबल पुन्हा चालू कर, आणि इथंही केबलवाल्याला बोलावतो. उशिरा आला तर आला, पण सिनेमा तरी सबंध दाखवतो."

"बरं बाबा, संध्याकाळी करते बंद," लेक म्हणाली. ती कचेरीत होती आणि बापाशी वाद घालायला तिला सवड नव्हती.

बाई ओट्याशी उभ्या राहिल्या. आत्ता तोंड मिटून बसलं, तर ते झाकलेलं कायमचं झाकलेलं राहणार होतं. नवऱ्याच्या लेखी आपण होतो तशाच राहू, बिनचूक. फक्त दुपारचे ते सबंध सिनेमे जातील. अर्ध्यावर ठेवलेल्या सिनेमात एक मुलगी आता कोर्टात उभी राहणार होती, आणि बाईंना ती काय बोलते ते ऐकायचं होतं. जन्मभर ज्याचा पहिला अर्धा चुकला, ते आता कुठं सुरुवातीपासून हाती लागलं होतं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि मास्तरांसमोर येऊन बसल्या.

"अहो, ते कुणी कापलेलं नाही. बहीण नव्हतीच त्यात."

"म्हणजे?"

"मी झोपलेली असायचे. रोज. तुमची स्कूटर ऐकून उठायचे, आणि मग मनानं सांगायचे."

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. "आंधळा घड्याळजी?"

"मीच."

"पुरात गेलेलं दुकान?"

"तेही."

"अगं बाई," मास्तर खाली बसले. "मी रोज सकाळी भट्टीवर ते सगळ्यांना सांगायचो. पाळीच्या पाळी चहा हातात धरून ऐकायची. पॅकिंगवाल्यानं पोरीचं नाव त्या बहिणीवरून ठेवलं! बारशाला तू पेढे खाऊन आलीस!"

"मग काय करणार? परत करू?"

मास्तरांच्या घशातून एक आवाज निघाला. तो हसण्याचा आहे हे कळायला बाईंना जरा वेळ लागला. मास्तरांनी हसता हसताच लेकीला फोन लावला. "राहू दे, बंद नको करूस. त्यांनी काही कापलेलं नाही. तुझ्या आईनंच जोडलेलं होतं."

"काय जोडलेलं?"

"ते तिलाच विचार. चार तास सवड काढून विचार."

फोन ठेवल्यावर मात्र ते खिडकीतून बाहेर बघत बसले. समोरच्या दुकानदारानं शटर अर्धं वर केलं, आतून खुर्ची बाहेर आणली, तरी ते बघतच होते. बाईंना ते सोसेना.

"रागावलात का?"

"नाही गं." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "भट्टीपुढे उभा राहिलो की दुपारी मनात यायचं, मी पाळी संपली की बसेन तरी. ही माझ्याआधी उठते, माझ्यानंतर निजते. हिची पाठ दिवसातून एकदा तरी जमिनीला लागते की नाही? फार लागायचं ते मनाला. आणि तू झोपायचीस होय? रोज? बरं केलंस."

बाईंचे डोळे भरून आले, आणि भरून आल्याबरोबर त्या चिडल्या. इतकी वर्षं त्या एका झोपेची लाज उराशी धरून बसल्या होत्या.

"मग म्हणायचं होतंत की तेव्हा! तुमच्या आईसमोर एकदा तरी म्हणायचं होतंत, पड जरा म्हणून!"

"चुकलंच," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतः उठून कोपऱ्यातली उशी आणली, झटकली आणि बाईंच्या पाठीशी ठेवली. "आता म्हणतो. पड जरा."

बाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला.

"आता कशी पडू?" त्या म्हणाल्या. "टपालवाल्याचा सिनेमा पाहायचाय मला. सायकलींची शर्यत आहे म्हणे सुरुवातीला."