नांदीची चिठ्ठी

शब्दकोशाच्या कचेरीत उदाहरणाचं वाक्य पदरचं चालत नसे. ते कुठे पाहिलं-ऐकलं, हे चिठ्ठीवर लिहावं लागे. बावीस वर्षं चिठ्ठ्या लिहून थकलेल्या भाऊंच्या वाट्याला आज ‘नांदी’ हा शब्द आला. काल साहेब एका तरुणाला भाऊंची खुर्ची दाखवून गेले होते. का, हे विचारायचा भाऊंना धीर झाला नव्हता. त्यांनी लिहिलं, ‘नव्या माणसाला खुर्ची दाखवणं ही जुन्याच्या निरोपाची नांदी असते.’

साहेबांनी चिठ्ठी वाचली. “हे कुठे पाहिलंत, भाऊ?”

“इथेच. काल दुपारी.”

“तुम्ही पण ना, काहीतरीच.”

“चुकलं असेल तर खोडा, साहेब.”

साहेबांनी पेन उघडलं, जरा वेळ नुसतंच धरलं. मग वाक्य न खोडता खाली मंजुरीची सही केली.