पाणक्याची बत्तीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. जात घड्याळाची, पण किती वाजले हे मला विचारू नका. ते मला कधीच कळले नाही. बटण दाबल्यापासून किती वेळ गेला, एवढेच मी सांगू शकते. तेही सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत, अचूक.

माझा जन्म एका घड्याळाच्या कारखान्यात, खिडकीजवळच्या लांब टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईंनी चिमट्याने माझी पितळी चाके बसवली आणि सेकंदाला पाच ठोके पडतात ना, हे मला कानाशी धरून ऐकले. माझा मोठा काटा मिनिटात एक फेरी मारतो. वरच्या छोट्या तबकडीतला बारका काटा मिनिटे मोजतो. तीस झाली की पुन्हा पहिल्यापासून.

मला पहिली नोकरी लागली ती एका शिलाईच्या कारखान्यात. तिथे कामाची वेळ मोजणारे एक साहेब होते. त्यांना सगळे टायमिंगसाहेब म्हणत. मला तळहातात घेऊन ते शिलाई मशीनच्या मागे उभे राहत. टिक असा आवाज झाला की बायकांच्या गप्पा बंद आणि सुया सुसाट. मला तोंडावर कोणी शिव्या दिल्या नाहीत, कारण त्यात दोन सेकंद गेले असते. साहेब माझी फार तारीफ करत. 'हे खोटं बोलत नाही,' असे म्हणत. पण मित्रांनो, ज्याला पाहून चाळीस माणसांच्या मानेला रग लागते, त्याला तारीफ गोड लागत नाही. त्या कामातून सुटले याचे मला आजही बरे वाटते.

एका वर्षी कारखान्यात सुती पिशव्यांचे काम आले. पिशवी लहान आणि पट्टा मात्र हातभर लांब. पट्टे जोडणाऱ्या बायकांत एक होती, तिला मी आत्या म्हणते. तिची भाची तिला तसे म्हणते, मला तेच ऐकून सवय झाली. तिने मान वर न करता विचारले, "साहेब, एवढ्या लांब पट्ट्याची पिशवी वापरतं तरी कोण?"

"सायकलवाले."

"कुठले? माझा भाऊ रोज सायकलनं कामावर जातो. त्याचा डबा हँडलला अडकतो."

"शर्यतवाले, बाई. रस्त्याकडेला माणूस पिशवी धरून उभा असतो. हे चालत्या सायकलवरून हात घालून उचलतात, गळ्यात अडकवतात, आतलं खातात-पितात."

"आणि पिशवी?"

"टाकून देतात."

आत्याचे मशीन थांबले. एका पिशवीला तिला एकेचाळीस सेकंद लागत. त्या पिशवीला त्रेपन्न लागले. ही नोंद माझीच.

पुढचे मी पाहिलेले नाही, पण आत्याने ते इतक्या जणांना सांगितले आहे की मला पाठ झाले आहे. पिशव्यांचे काय होते ते पाहायला ती त्या रविवारी टीव्हीवरच्या शर्यतीसमोर बसली. स्वार आले, पिशव्या उचलल्या, बाटल्या काढल्या आणि पिशव्या गटारात भिरकावल्या. एकामागून एक. आत्या टीव्ही बंद करायला उठली, तेवढ्यात मागून येणाऱ्या एका हडकुळ्या स्वाराने रिकामी पिशवी एका हाताने गुंडाळली आणि सदऱ्याच्या मागच्या खिशात घातली. बस्स, एवढेच. आत्या पुन्हा खाली बसली ती पुढची चौदा वर्षे.

हा स्वार जिंकणारा नव्हता. संघाच्या मोटारीपर्यंत मागे जायचे, सदऱ्यात आठ बाटल्या कोंबायच्या, पुन्हा जोर मारून पुढे यायचे आणि आपल्या माणसांना पाणी वाटायचे, हे त्याचे काम. म्हणून आत्याने त्याला पाणक्या म्हणायला सुरुवात केली.

दरम्यान आकडे दाखवणारी नवी स्टॉपवॉच आली आणि मी साहेबांच्या खणात गेले. रबरी शिक्के आणि सुकलेला डिंक यांच्या शेजारी सहा वर्षे पडून होते. माझे तेल घट्ट झाले, काटा सतरावर अडकला. साहेब निवृत्त झाले, त्या दिवशी त्यांनी खण उपडा केला आणि मला टोपलीत टाकले.

"साहेब, हे टाकताय?" आत्याने विचारले.

"बंद पडलंय ते."

"मग इतकी वर्षं मला पळवलंत कशाच्या जिवावर?"

"तेव्हा चालू होतं, बाई."

आत्याने मला टोपलीतून उचलले आणि घड्याळजीकडे नेले. त्याने मला खोलून धुतले, चार थेंब तेल दिले. पहिला ठोका पडला तेव्हा मला जे वाटले ते सांगायला माझ्याकडे काटा नाही.

तेव्हापासून माझे काम बदलले. दोन स्वारांत किती अंतर आहे ते टीव्हीवाले सांगतातच, पण आत्याला स्वतः मोजायचे असे. रीत सोपी आहे. रस्त्याकडेची एक खूण धरायची, समजा एखादी पाटी. पुढचा स्वार पाटीपाशी आला की बटण दाबायचे, मागचा आला की पुन्हा दाबायचे. खूण एकच असली की हिशेब चुकत नाही. आठ वर्षे आम्ही असे पाणक्याला मोजले. टायमिंगसाहेब दोन गल्ल्या पलीकडे राहत. घरी मोजण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून तेही येऊन बसत.

"आत्या, एखादा जिंकणारा तरी धर," भाची म्हणायची. ती कॉलेजात होती. "हा शेवटून चौथा आलाय."

"काल तिसरा होता. सुधारतोय."

"शेवटून, आत्या."

"जिंकणाऱ्याकडे सगळं जग बघतं. ह्याच्याकडे बघायला मी आहे, हे साहेब आहेत..."

"मी फक्त वेळ बघायला येतो," साहेब म्हणायचे.

मग एका वर्षी पाणक्याने जाहीर केले की ही तीन आठवड्यांची शर्यत आपली शेवटची. चौदा वर्षांत त्याने सुरू केलेली एकही मोठी शर्यत अर्धवट सोडली नव्हती. आत्याला ते प्रत्येक वर्ष तोंडपाठ होते. आणि नेमका तो तिसऱ्या आठवड्यात पडला. कोपराला पट्टी बांधून दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकलवर बसला, पण पार मागे राहू लागला. शेवटून दुसरा टप्पा आमच्या गावापासून दोन तासांवरच्या घाटात, अगदी माथ्यावर संपणार होता. आत्या म्हणाली, आता टीव्ही नको.

बसने आम्ही चौघे गेलो: आत्या, भाची, घडीची खुर्ची घेतलेले साहेब आणि आत्याच्या स्वेटरच्या खिशात मी. अंतिम रेषेपाशी मुंगीला जागा नव्हती. रेषेच्या तीनशे मीटर खाली, वळणाच्या आत आम्ही उभे राहिलो. तिथून रेषा दिसत नव्हती.

मित्रांनो, या खेळाचा एक कडक नियम आहे. विजेत्याला जेवढा वेळ लागला, त्याच्या ठरावीक टक्क्यांहून जास्त उशीर झाला तर स्वार शर्यतीतून बाद. त्या टप्प्याला बारा टक्के होते. विजेता आमच्या समोरून गेला, आत्याने बटण दाबले. थोड्या वेळाने वरून गर्दीची गर्जना आली. लाउडस्पीकरने विजेत्याची वेळ सांगितली: बरोबर साडेचार तास.

"दोनशे सत्तर मिनिटांचे बारा टक्के," भाची पुटपुटली. "बत्तीस मिनिटं, चोवीस सेकंद."

दुसऱ्या दिवशीचा टप्पा सपाट होता, त्यात काही अवघड नव्हते. आजची बत्तीस मिनिटे चोवीस सेकंद गाठले, की पाणक्या घरी पूर्ण शर्यत घेऊन जाणार होता. नाही गाठले, तर चौदा वर्षांत पहिल्यांदाच, आणि शेवटचे, त्याचे नाव यादीतून खोडले जाणार होते.

स्वार येत राहिले. दहा मिनिटे, वीस मिनिटे. पंचवीस मिनिटांनी एक मोठा घोळका गेला, त्यात तो नव्हता. माझा बारका काटा तिसाची फेरी संपवून पुन्हा पहिल्यापासून निघाला. आत्याची बोटे गार पडली होती.

"खुर्चीवर बसा, बाई," साहेब म्हणाले.

"तो बसलाय का खुर्चीवर?"

आणि तो आला. वळणावर आधी मोटारसायकल दिसली, मग तो, उभा राहून पॅडल मारत, पट्टीचा हात अंगाशी धरलेला. इतक्या जवळून त्याला आत्याने कधी पाहिले नव्हते. ती ओरडलीसुद्धा नाही. समोरून गेला तेव्हा तिने सवयीने बटण दाबले. एकतीस मिनिटे, अठ्ठावन्न सेकंद.

"सव्वीस सेकंद राहिले," भाची म्हणाली. मग हळूच, "चढावर तीनशे मीटर. सव्वीस सेकंदांत विजेत्यालाही नाही जमणार."

आत्याने मला भाचीच्या हातात दिले आणि खुर्चीवर बसली. "जाऊ दे," ती म्हणाली. "आला ना इथपर्यंत." वर लाउडस्पीकरवर बक्षीस समारंभाचे संगीत सुरू झाले होते. कोणाचे काय झाले, काहीच ऐकू येत नव्हते.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या क्षणी ओरडले असते. मला चूक कळली होती. खोटे न बोलणाऱ्या वस्तूचे हेच दुःख आहे, ती विचारल्याशिवाय खरेही बोलू शकत नाही.

साहेबांनी भाचीच्या हातातल्या माझ्याकडे वाकून पाहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही सुरू कुठं केलंत?"

"विजेता इथून गेला तेव्हा. खूण एकच हवी ना."

"दोन स्वारांतलं अंतर मोजायला एकच हवी. पण बत्तीस मिनिटांची मुदत सुरू होते ती विजेता रेषेवर पोचल्यावर. विजेता इथून वर उडत गेला का? त्यालाही वेळ लागलाच की."

"किती?" भाचीने विचारले.

"गर्जना झाली तेव्हा काटा सेहेचाळीसवर होता. मी पाहिला. जुनी खोड."

भाचीचे डोळे बारीक झाले. "आवाजाला तीनशे मीटर यायला जवळजवळ एक सेकंद. म्हणजे पंचेचाळीस. सव्वीस आणि पंचेचाळीस... आत्या, एकाहत्तर सेकंद होते त्याच्याकडे!"

आत्या उठली. चढाला लागली. साहेबांचे गुडघे दुखायचे, तरी ते खुर्ची काठीसारखी टेकत मागे आले. रेषेपाशी फलकावर अधिकारी नावे लावत होते. सर्वांत खालच्या ओळीत पाणक्याचा क्रमांक होता. विजेत्याहून बत्तीस मिनिटे सोळा सेकंद उशिरा. आठ सेकंद राखून.

आत्याने ती ओळ दोनदा वाचली. मग डोळे पुसत साहेबांना म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या मोजणीने माझं भलं झालं."

"लिहून द्या," साहेब म्हणाले.

पलीकडे संघाच्या मोटारीला टेकून पाणक्या जमिनीवर बसला होता. त्याच्या हातात बाटली होती, आणि ती दुसऱ्याच कोणीतरी त्याला आणून दिली होती. आत्या जवळ गेली नाही. पाणी पिऊ दे त्याला निवांत, म्हणाली.

परतीच्या बसमध्ये तिने मला भाचीकडून परत घेतले आणि काही मोजायचे नसताना बटण दाबले.

"हे कशाला?" भाचीने विचारले.

"स्प्रिंग उतरू दे. घड्याळजी म्हणतो, काम झाल्यावर ताणून ठेवू नये."

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे एखादे जुने यंत्र असेल, तर त्याला खणात कोंबून विसरू नका. वर्षातून एकदा तेल द्या. आणि ठेवण्याआधी त्याची स्प्रिंग पूर्ण उतरू द्या. ताणलेली स्प्रिंग अंधारात पडून थकते. एवढीच माझी विनंती.

त्या संध्याकाळी मी आत्याच्या खिशात कोणाच्याही मागे न लागता चालत राहिले. साहेब खुर्ची मांडीवर घेऊन पेंगत होते. भाचीच्या खांद्यावर डोके टेकून आत्याला झोप लागली होती. मी कुठल्या आकड्यावर थांबले, ते कोणी पाहिले नाही.