क्वाकू ब्राकोचा आवाज

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक सिंहासन डोळ्यांपुढे आणा. पुठ्ठ्याचं, वर सोनेरी रंग फासलेलं. त्यावर खांद्यावर झगझगीत केंटेचं वस्त्र टाकून एक जाडा माणूस बसलाय. काहीही करत नाही. हे काम त्याने एकोणीस वर्षं केलं, दर रविवारी संध्याकाळी, टीव्हीवर. याला तो कला म्हणायचा.

तो क्वाकू ब्राको. माझ्याच शाळेत शिकला. म्हणजे बाकावर बसला. बसायचा सराव तेव्हापासूनचा. पुढे कुमासी शहरात गेला, ओळखीपाळखीने एका मालिकेत गावचा राजा झाला. पहिल्याच दिवशी तोंड उघडलं तर आवाज निघाला पिपाणीसारखा. सगळे हसले. दिग्दर्शकाने त्याची सगळी वाक्यं काढून राजाच्या काठीवाल्याला देऊन टाकली. आपल्याकडे राजा चारचौघांत मोठ्याने बोलत नाहीच. तो पुटपुटतो आणि काठीवाला ते लोकांना ऐकवतो. त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. क्वाकूला तर मुळीच नाही.

बारीक आवाज हा काही गुन्हा नव्हे. पण हा गडी घरीदारीही राजा होऊन बसला. खाणावळीत फुफू हवं असलं तरी ड्रायव्हर डोंकोरच्या कानात पुटपुटायचा आणि मागायचा तो डोंकोर. बायको कंटाळून परदेशी निघून गेली. दोन वर्षांची मुलगी सेरवा त्याने आपल्या बहिणीबरोबर गावी, आईकडे धाडून दिली; स्वतः मात्र गावाकडे फिरकला नाही.

आई म्हणजे दुफिए आजी. पामतेल विकून तिने त्याला वाढवलं होतं. म्हातारपणी तिची दृष्टी गेली, तरी दर रविवारी ती शेजाऱ्यांच्या टीव्हीपुढे जाऊन बसायची. दिसतोय का माझा, असं सेरवाला विचारायची. दिसतोय म्हटलं की कान टवकारायची. इतकी वर्षं तिने ऐकलं ते त्या काठीवाल्याचंच.

यंदा तिने अंथरूण धरलं आणि मला फोन करायला लावला. निरोप एवढाच होता, की काही पाठवू नकोस, एकदा येऊन माझ्याशी बोल.

तो डोंकोरला घेऊन आला. टीव्हीतला राजा बघायला अंगण भरून माणसं जमली. मागून एक मासेवाली म्हणाली, की हा कधी बोलतो तरी का, की आतून भुसाच भरलाय? लोक खिदळले. क्वाकूने ते ऐकलं. अंगणातच टाकलेल्या आईच्या खाटेपासून चार हातांवर त्याने खुर्ची मांडून घेतली, बसला आणि डोंकोरच्या कानाला लागला.

डोंकोर अवघडला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "आई, बरी आहेस ना?"

म्हातारीचा चेहरा उजळला.

"क्वाकू? अगं बाई, काय भरदार आवाज झाला रे तुझा. लहानपणी पोरं किती चिडवायची तुला." तिने दोन्ही हात पुढे केले. "ये. जवळ ये."

क्वाकू उठला नाही. मी डोळ्यांनी खुणावलं, तर त्याने मान वळवली. अंगणातली ती पन्नास माणसं त्याला आईपेक्षा मोठी वाटली. एवढा अवजड माणूस, पण त्याच्या आत एक शब्द उचलायची ताकद नव्हती.

आठ वर्षांची सेरवा आजीच्या पायथ्याशी बसली होती. ती उठून त्याच्यापाशी गेली आणि हळूच म्हणाली, "बाबा, तुम्हीच बोला ना. एकच शब्द."

पोटच्या पोरीकडेही त्याने पाहिलं नाही. पुन्हा डोंकोरच्या कानात पुटपुटला.

डोंकोर खाली वाकला आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मोठ्यांमध्ये लुडबुड करू नकोस, असं म्हणतायत, बाळा."

म्हातारीचे हात अजून तसेच हवेत होते.

सेरवाने एकदा बापाकडे नीट बघून घेतलं. मग तिने डोंकोरचा उजवा हात धरला, त्याला खाटेपाशी नेलं आणि तो हात आजीच्या दोन्ही हातांत ठेवला.