मीटरकडे बघायचं नाही

सुरतच्या गोडादऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटमध्ये त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पुढे सतरंजीवर, पुरुष मागे मोटारसायकलींना टेकून. जो तो कमी आलेलं लाइट बिल हातात धरून हलवत होता. व्यासपीठावर पांढऱ्या सोफ्यावर मगनबापू बसले होते. समोरच्या टेबलावर एक पंखा होता आणि पंख्याच्या वायरीला वेढा घालून बसलेला, करंटचे आकडे दाखवणारा चिमटा.

"बोलो, मीटर कोण चालवतं?" बापूंनी विचारलं.

"करंट!" गर्दी ओरडली.

"और करंट कोण चालवतं?"

बापू हसले. "ब्रह्मांड, भाई, ब्रह्मांड! तुम्ही ब्रह्मांडाकडून फुकट घेता आणि कंपनीला पैसे देता. भोळी माणसं!"

मग त्यांनी घरोघरी विकलेलं आपलं यंत्र, साबणाच्या वडीएवढी एक डबी, सॉकेटमध्ये खोचली. डबीत हिरवा दिवा लागला. बापूंनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं आणि चिमट्यावरचा आकडा झपकन खाली आला. पंखा मात्र तसाच फिरत होता. "जय हो" असा गजर झाला. माझ्या शेजारचे वाल्मिकभाऊ, यंत्रमागांच्या लूमखात्यात मास्टर असलेला शहाणा माणूस, त्यांनीही हात जोडले.

मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवते. असले बापू इतके पाहिलेत की आता राग येत नाही, हसूही येत नाही. भाजी निवडावी तसं सवयीने उठायचं आणि बोलायचं. तशी मी उठले.

"बापू, हे यंत्र तुम्ही आखाजीच्या आधी विकलंत ना?"

"हो, शुभ मुहूर्त होता."

"मुहूर्त चांगलाच साधलात. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशी बाया पोरांना घेऊन माहेरी जातात. मागे उरलेला पुरुष मेसमध्ये जेवतो, खात्यात बारा तास राबतो, घरी फक्त झोपायला येतो. टीव्ही बंद, मिक्सर बंद, फ्रिज रिकामा करून बंद. मग बिल कमी नाही येणार तर काय जास्त येणार?"

थोडी कुजबुज झाली. दोन-तीन बिलं खाली आली. बापूंचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला. "प्रमिलाबेन, उठा. मॅडमला सांगा."

प्रमिलाबाई माझ्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालतात. त्यांचा नवरा धुडकूभाऊ आयुष्यभर लूमवर होता. सुताच्या धुळीने त्याची छाती गेली आणि गेल्या वर्षापासून तो घरात ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेला आहे. मशीन भाड्याचं. डॉक्टरांनी सांगितलंय, जेवढा जास्त वेळ लावाल तेवढं बरं.

"ताई, मी आखाजीले गेले नाही," प्रमिलाबाई माइक दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या. "यास्ले सोडीसन कोठे जाऊ? मशीन दिवसभर चालू, रातभर चालू. तरी मनं बिल अर्धं व्हयनं. आता तुम्हीच सांगा, हे कसं?"

टाळ्या पडल्या. मी खाली बसले.

त्याच टाळ्यांमध्ये बापूंनी पुढची घोषणा केली. आता प्रमिलाबेनच्या घरी महायंत्र बसेल. महायंत्र घरातली हवाच शुद्ध करतं, त्यामुळे मशीनची गरज राहणार नाही. उद्या संध्याकाळी मशीन दुकानात परत द्यायचं आणि त्याचं जे डिपॉझिट मिळेल ते महायंत्राला. प्रमिलाबाईंनी मान डोलावली. त्या खूप दिवसांनी हसत होत्या.

जाताना बापूंनी पुन्हा बजावलं, "यंत्र लावलेल्या घराने मीटरकडे बघायचं नाही. नजर पडली की शक्ती उतरते."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. वाल्मिकभाऊंची डबी मागून घेतली आणि आमच्या जिन्याखालच्या मीटरपाशी त्यांनाच उभं केलं. ते आधी डोळे झाकून उभे राहिले. "अहो, तुमचा नाही, माझा मीटर आहे," म्हटल्यावर उघडले. मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. घरात वीज जास्त जळली की तो भराभर लुकलुकतो, कमी जळली की सावकाश. मी घरातलं सगळं बंद करून फक्त एक टेबल फॅन लावला. दिवा लुकलुकू लागला. मग डबी खोचली. वाल्मिकभाऊंनी दिव्यावर नजर ठेवली; त्याच्या चालीत काडीचाही फरक पडला नाही.

"पण बापूंचा आकडा तर खाली आला होता," वाल्मिकभाऊ म्हणाले.

मी स्क्रू ड्रायव्हरने डबी उघडली. आत एक हिरवा दिवा, पंख्यात असतो तसला एक कपॅसिटर आणि वजन यावं म्हणून भरलेली वाळू. "मोटार चालते तेव्हा थोडा करंट नुसताच ये-जा करतो, कामाला लागत नाही. घरचा मीटर तो मोजतच नाही. हा कपॅसिटर तेवढी ये-जा जागच्या जागी भागवतो, म्हणून चिमट्यावरचा आकडा पडतो. बिल ज्याचं येतं, ती वीज तेवढीच जळते."

वाल्मिकभाऊंनी वाळू तळहातावर घेऊन पाहिली. मग म्हणाले, "हे पटलं, मॅडम. पण प्रमिलाबाईंचं काय?"

तेच तर मलाही कळत नव्हतं. शेजारीच त्यांचा मीटर होता. भर दुपार, सुरतचा उकाडा, वर मशीन आणि पंखा चालू असायला हवा. मी त्यांच्या लाल दिव्याकडे बघत उभी राहिले. दिवा लुकलुकतच नव्हता. खूप वेळाने एकदा चमकला आणि पुन्हा गप्प.

मी जिने चढून वर गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. पंखा बंद होता. धुडकूभाऊ खाटेवर पुढे वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसला होता. नाकात नळी होती, पण मशीनचा आवाज नव्हता. ओठ जांभळे पडले होते. पावलं ऐकून त्याचा हात घाईघाईने बटणाकडे गेला आणि मी दिसल्यावर तिथेच थांबला.

मीच बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. त्याला बोलण्याइतका दम येईपर्यंत मी खाटेपाशी उभी राहिले.

"तिले सांगू नका," तो शेवटी म्हणाला.

"कधीपासून, धुडकूभाऊ?"

"यंत्र लावं तव्हयपासून. ती कामले गई का बंद करस, ती येवानी येळ व्हयनी का चालू करस." मध्ये थांबून त्याने श्वास घेतला. "बिल दखीसन ती रातभर रडे, ताई. मंग बापूनं यंत्र उनं, बिल कमी व्हयनं, ती हासनी. यंत्रवर मना काय भरोसा नव्हता. पण तिना व्हता. तिनं तोंड दखीसन मी काय सांगू?"

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. कोड्याचं उत्तर सापडलं होतं आणि त्याचा मला कणभरही आनंद नव्हता. मी पंखा लावला, त्याला पाणी दिलं आणि तिथेच बसून राहिले. सांगू नका म्हणाला होता. न सांगावं तर संध्याकाळी मशीन जाणार होतं, आणि त्यानंतर तो किती दिवस काढेल हे विचारायला डॉक्टरकडे जायची गरज नव्हती.

संध्याकाळी प्रमिलाबाई टेम्पोवाल्याला घेऊनच आल्या. मी त्यांना जिन्याखाली अडवलं.

"प्रमिलाबाई, तुमच्या मीटरकडे बघा."

"नको ताई! बापूनी..."

"पाप लागलं तर मला लागू दे. बघा."

त्यांनी भीत भीत पाहिलं. दिवा भराभर लुकलुकत होता. वर त्यांच्या घरात मी वाल्मिकभाऊंना बसवलं होतं. मी हाक दिली, त्यांनी यंत्र काढलं. दिवा तसाच. परत लावलं, तरी तसाच. मग मी म्हटलं, "आता पंखा आणि मशीन बंद करा, फक्त क्षणभर." दिवा एकदम मंदावला. लगेच मी चालू करायला सांगितलं.

"आज दुपारी मी आले तेव्हा हा असाच होता," मी म्हणाले. "गप्प."

प्रमिलाबाई कठड्याला धरून वर गेल्या. मी मागोमाग गेले. धुडकूभाऊ भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"कव्हयपासून?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला, सॉकेटमधली डबी उपसली आणि त्या चपला न घालताच खाली उतरल्या.

कॉमन प्लॉटमध्ये बापू महायंत्राची पूजा मांडून बसले होते. "आओ प्रमिलाबेन! मशीन गयी?"

प्रमिलाबाईंनी डबी टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. "बापू, तुमचं यंत्र कधी चाललंच नाही. मना माणूस बंद पडत व्हता, म्हणून बिल कमी व्हयनं."

कुणीच जय हो म्हटलं नाही. वाल्मिकभाऊंनी पुढे होऊन फोडलेल्या डबीतली वाळू बापूंच्या पांढऱ्या सोफ्यावर ओतली. बापू "शंका करनेवाले को फल नहीं मिलता" वगैरे बोलत होते, पण बाया उठून आपापली डबी काढायला घरी निघाल्या होत्या. रात्रीच्या आत बापू, सोफा आणि महायंत्र, तिन्ही गायब. पैसे अर्थातच त्यांच्याबरोबर.

आता आमच्याकडे रोज सकाळी कुणी ना कुणी मीटर बघतं. त्यातूनच कळलं की पाण्याची सामायिक मोटार वेळीअवेळी चालते, कारण दोन घरांचे फ्लश रात्रंदिवस गळतात. वॉशर बदलले. टाकी सारखी रिकामी व्हायची थांबली. वाल्मिकभाऊंच्या जुन्या फ्रिजचं दार नीट लागत नव्हतं, त्याचं रबर बदललं. बिल थोडं उतरलं, खरोखरचं उतरलं. धुडकूभाऊचं मशीन चालूच असतं, त्यामुळे प्रमिलाबाईंचं बिल मोठंच येतं. आम्ही काही घरं मिळून त्यातलं थोडं उचलतो. ते यंत्राला जमणारं काम नव्हतं.

मला भाषण करता येत नाही, आणि त्या दुपारनंतर तर करावंसंही वाटत नाही. एवढंच सांगते. वीज आकाशातून वाचत नाही. ती वाचते तेव्हा कुठेतरी काहीतरी बंद झालेलं असतं. म्हणून उद्या कुणाच्या कृपेने तुमचं बिल अर्धं झालं, तर हात जोडण्याआधी घरात जा, आणि दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला विचारा, तू काय बंद करून बसला आहेस?